एक खिडकी, एक कप: फोटोग्राफीची मुळाक्षरं गिरवताना

फोटोग्राफी नव्याने शिकणारे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात बहुतेक एकच चूक करतात. रोज नवी जागा, नवा विषय, नवं सेटिंग. दोनशे फोटो काढून होतात, त्यातले चार बरे निघतात, पण ते चार का जमले आणि बाकीचे का फसले हे काही सांगता येत नाही. इथे दिलेली पद्धत याच्या उलट आहे. जागा एकच, वस्तू एकच, शक्यतो दिवसाची वेळही तीच, आणि एका वेळी बदलायची ती फक्त एक गोष्ट. पहिले दोन दिवस कंटाळा येईल. पण कॅमेऱ्यावरचं कुठलं चाक फिरवलं की चित्रात काय बदलतं, हे असंच पक्कं होतं.

सामान फार लागत नाही. सेटिंग हाताने बदलता येतील असा कुठलाही कॅमेरा चालेल: डीएसएलआर, मिररलेस किंवा प्रो मोड असलेला फोन. फोनमध्ये ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) बहुधा बदलता येत नाही, तेवढे प्रयोग सोडून द्यायचे. बाकी एक पांढरा कप, पांढरा कागद, काळं कापड, पांढरा पुठ्ठा, छापील मजकुराचं एखादं पान आणि थेट ऊन येत नाही अशी खिडकी. ट्रायपॉड असेल तर छान, नसेल तर टेबलावर पुस्तकांची चळत रचून तिच्यावर कॅमेरा ठेवा.

आधी कॅमेरा ताळ्यावर आणा

हातात आलेल्या कॅमेऱ्यात, विशेषतः तो कॉलेजचा, मित्राचा किंवा जुना विकत घेतलेला असेल तर, आधीच्या माणसाची सेटिंग तशीच पडलेली असतात. मेन्यूत जाऊन सगळं रीसेट करा. कार्डावर हवं असलेलं आधी उतरवून घ्या आणि मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. संगणकावर फाइली पुसण्यापेक्षा हे बरं, कारण कॅमेरा स्वतःला हवी तशी फोल्डरची रचना करून घेतो. तारीख-वेळ लावा. 'कार्डाशिवाय शटर' असा पर्याय असेल तर तो बंद करा, नाहीतर कार्ड घरी राहिलं तरी कॅमेरा आनंदाने खटाखट वाजत राहतो.

व्ह्यूफाइंडर असेल तर त्याच्या शेजारी एक छोटं चाक असतं, त्याला डायॉप्टर म्हणतात. व्ह्यूफाइंडरमधून समोरच्या दृश्याकडे न बघता आतले आकडे बघा आणि ते रेखीव दिसेपर्यंत चाक फिरवा. हे न केल्यामुळे 'माझ्या लेन्सचा फोकस बिघडलाय' असं म्हणत फिरणारे पुष्कळ असतात.

फाइल 'रॉ अधिक जेपीईजी' ठेवा. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, जेपीईजी म्हणजे त्यातून तयार केलेला फोटो. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे रॉ फाइल नंतर उजळता किंवा गडद करता येते, जेपीईजीतले रंग लवकर तुटक होतात. शिकताना मात्र जेपीईजीकडेच बघा, चूक तिथे लपत नाही. ऑटो आयएसओ बंद (आयएसओ म्हणजे मिळालेल्या प्रकाशाचा संकेत किती मोठा करायचा तो आकडा). फोकस पॉइंट एकच आणि मधला. फोटो बघताना हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) दिसेल अशी सोय करून ठेवा.

पहिला प्रयोग: सेटिंगला हात न लावता

कप खिडकीपासून साधारण १ मीटरवर ठेवा आणि खोलीतले दिवे बंद करा. ही पायरी वगळू नका. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की कपाची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी पडते, आणि ते नंतर दुरुस्त करणं फार किचकट होतं.

आता कप जागचा हलवू नका, तुम्ही त्याच्याभोवती फिरा. खिडकीकडे पाठ करून एक फोटो, खिडकी डाव्या हाताला ठेवून दुसरा, खिडकीकडे तोंड करून तिसरा. पहिल्यात कप सपाट दिसेल, कारण सावल्या त्याच्या मागे पडल्या. दुसऱ्यात त्याला गोलाई येईल. तिसऱ्यात कडा चमकतील आणि पोट काळवंडेल. वस्तू तीच, उजेड तोच, फक्त तुमची जागा बदलली.

यानंतर सावलीची कड बघा. खिडकीजवळ ती मऊ असते, हळूहळू विरत जाते. कप ३ मीटर मागे नेला की तीच सावली जास्त टोकदार होते, कारण कपाच्या जागेवरून बघितलं तर खिडकी आता लहान झाली. प्रकाशाचा स्रोत वस्तूच्या मानाने मोठा असेल तर सावली मऊ, लहान असेल तर कडक. फोनचा टॉर्च कपावर मारून बघा, सावली कात्रीने कापल्यासारखी पडेल. टॉर्चसमोर एक-दोन फुटांवर ट्रेसिंग पेपर धरला की ती लगेच मऊ होते. टॉर्चसारखा लहान दिवा दुप्पट अंतरावर नेला की वस्तूवरचा उजेड एक चतुर्थांश उरतो. मोठ्या खिडकीच्या अगदी जवळ तो इतक्या वेगाने उतरत नाही, पण उतरतो.

शेवटी पांढरा पुठ्ठा कपाच्या अंधाऱ्या बाजूला २० ते ३० सेंटिमीटरवर उभा करा. काळवंडलेली बाजू उघडते. पुठ्ठ्याऐवजी काळं कापड धरलंत तर ती बाजू आणखी गडद होते, कारण आजूबाजूच्या भिंतींवरून परत येणारा उजेडही ते गिळतं. लोक लेन्सवर खूप खर्च करतात. हा पुठ्ठा त्यातल्या बऱ्याच लेन्सपेक्षा जास्त काम करतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्टॉपचा हिशेब

एक्स्पोजरचं, म्हणजे फोटो किती उजळ यावा याचं, सगळं गणित 'स्टॉप' या एककात चालतं. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट, एक घटला की निम्मा.

शटर स्पीडमध्ये, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्यात, हे सरळ दिसतं: १/६० सेकंदाच्या निम्मा वेळ म्हणजे १/१२५ (कॅमेरे आकडे जरा गोल करून दाखवतात). आयएसओही तसाच: १००, २००, ४००, ८००. डोकं भंजाळतं ते ॲपर्चरच्या आकड्यांनी: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. हा आकडा (पुढे 'एफ/' लावून लिहितात) म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मि.मी.चा आकडा) भागिले छिद्राचा व्यास. ५० मि.मी. लेन्स एफ/२ वर असेल तर छिद्र २५ मि.मी., एफ/४ वर १२.५ मि.मी. व्यास निम्मा झाला म्हणजे क्षेत्रफळ एक चतुर्थांश, म्हणून एफ/२ आणि एफ/४ यांच्यात दोन स्टॉपचं अंतर. आकडा मोठा तितकं छिद्र लहान, हे यातूनच येतं. पाठ करावं लागत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाची एक टिचकी म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, म्हणजे तीन टिचक्यांचा एक स्टॉप.

मॅन्युअल मोडवर जा. आयएसओ ४००, एफ/५.६, शटर १/६० पासून सुरुवात करा आणि कप योग्य उजळ दिसेपर्यंत फक्त शटर बदला. समजा, १/६० लाच जमलं. आता एफ/४ करा आणि शटर १/१२५ करा: उजेड तितकाच. मग एफ/८ आणि १/३०. मग एफ/११ आणि १/१५. चारही फोटो शेजारी ठेवले तर उजळपणा सारखा दिसायला हवा. तो वेगळा आला तर दोन कारणं असतात: टिचक्या मोजताना चूक झाली, किंवा मधेच ढग आला. दुसरं कारण आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळा खरं असतं, म्हणून चारही फोटो मिनिटभरात काढा.

ॲपर्चर: मागची भिंत किती दिसावी

छापील पान टेबलावर आडवं पसरा आणि तिरक्या कोनातून, साधारण १ मीटरवरून, मधल्या ओळीवर फोकस करा. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा (चाकावर 'ए' किंवा 'एव्ही'; ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा). लेन्स देईल त्या सर्वांत लहान आकड्यापासून एफ/२२ पर्यंत एकेका स्टॉपने फोटो काढत जा. रेखीव ओळींचा पट्टा वाढत जाताना दिसेल. क्रॉप सेन्सरच्या (३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मि.मी. लेन्स १ मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम ३ सें.मी.चा पट्टा रेखीव ठेवते, एफ/८ ला सुमारे १३ सें.मी. अंतर २ मीटर केलं की एफ/१.८ चा पट्टाही १२ सें.मी.च्या आसपास जातो. म्हणजे मागचं धूसर करायला महागडी लेन्सच लागते असं नाही. साध्या १८–५५ किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या) ५५ ला या, वस्तूच्या जवळ जा आणि वस्तूला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणा. भिंत बऱ्यापैकी विरघळते.

एफ/२२ चा फोटो पूर्ण मोठा करून बघा. पट्टा सर्वांत रुंद, पण मधली ओळसुद्धा एफ/८ इतकी कुरकुरीत नाही. छिद्र फार लहान झालं की प्रकाश कडेवर वाकून पसरतो, याला डिफ्रॅक्शन म्हणतात. 'सगळं स्पष्ट हवं, म्हणून एफ/२२' ही सवय त्यामुळे लागू देऊ नका. बहुतेक वेळा एफ/८ ते एफ/११ पुरतं.

शटर: हात हलला की माणूस हलला

हातात धरून काढताना शटर निदान 'एक भागिले फोकल लेंग्थ' इतकं वेगवान असावं, हा जुना ठोकताळा आहे. क्रॉप सेन्सर असेल तर फोकल लेंग्थला १.५ ने गुणा: ५० मि.मी. लेन्सला १/८०. स्थिरीकरण असलेल्या लेन्सवर याहून बरंच खाली जाता येतं, पण ते फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतं; समोरच्याचं हलणं नाही. बसून बोलणाऱ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्याला १/५०० ते १/१०००, हे आकडे सुरुवातीला धरून चाला.

पकड नीट असेल तर निम्मं काम होतं. डावा तळहात लेन्सखाली, दोन्ही कोपरं अंगाला टेकलेली, एक पाय किंचित पुढे. श्वास सोडा आणि बटण दाबा, टोचू नका. सलग तीन फोटो घेतले तर मधला बहुधा सर्वांत स्थिर असतो, कारण बोट दाबताना आणि उचलताना बसणारा हिसका पहिल्या आणि तिसऱ्याच्या वाट्याला जातो.

ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा. जुन्या स्थिरीकरणाच्या लेन्स ट्रायपॉडवर उलट थरथर निर्माण करतात, तेव्हा तिथे ते बटण बंद.

फोटो अस्पष्ट का आला?

'ब्लर आला' म्हणून फोटो पुसून टाकू नका. अस्पष्टपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. फोटो १०० टक्के मोठा करा आणि क्रमाने बघत जा.

संपूर्ण चौकट एकाच दिशेने फराटल्यासारखी दिसते आणि दिव्याच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्यात? हात हलला. शटर वेगवान करा किंवा टेका घ्या. भिंत स्वच्छ आणि माणूस पुसट? माणूस हलला, इथे ट्रायपॉड काही कामाचा नाही, शटरच वेगवान करावं लागेल. चेहरा मऊ पण कान किंवा मागचं झाड रेखीव? फोकस चुकला. हे मोठ्या छिद्रावर फार होतं, कारण लोक मधल्या पॉइंटवर डोळा पकडतात आणि मग चौकट नीट करायला कॅमेरा वळवतात. वळवताना फोकसचं प्रतल सरकतं आणि हाती रेखीव पट्टा ३ सेंटिमीटरचाच असतो. त्यापेक्षा फोकस पॉइंटच डोळ्यावर न्या, दोनपैकी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. काहीच रेखीव नाही आणि दिव्यांभोवती धुकट वलय? लेन्सवर बोटाचा ठसा आहे. फोनच्या बाबतीत सगळ्यात आधी हेच तपासायचं. बारकावे मेणासारखे वितळलेत? आयएसओ फार चढला होता आणि कॅमेऱ्याने दाणे (कमी उजेडात फोटोवर उठणारे ठिपके) पुसताना त्वचाही पुसली.

आणि फोकस पकडलाच जात नसेल, लेन्स नुसती मागे-पुढे करत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. किट लेन्स साधारण २५ ते ३० सें.मी.च्या आत बघू शकत नाही, ५० मि.मी. लेन्सला ३५ ते ४५ सें.मी. लागतात.

आयएसओ

थोडक्यात आटपतं. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, मिळालेला संकेत मोठा करून दाखवला जातो. दाणे दिसतात ते मुख्यतः प्रकाश कमी मिळाल्यामुळे. ट्रायपॉडवरून कपाचा एक फोटो आयएसओ १००, १ सेकंद असा काढा आणि दुसरा आयएसओ ६४००, १/६० असा. मध्ये सहा स्टॉप आहेत, उजळपणा सारखा, दाणे मात्र डोळ्यांत भरतील. तरीही हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा जागेवर येत नाही.

कॅमेऱ्याला सगळं जग करडं वाटतं

हा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि हाच सर्वांत जास्त टाळला जातो. कॅमेऱ्याचं मीटर (उजेड मोजणारी सोय) असं गृहीत धरतं की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारं. बहुतेक दृश्यांना ते लागू पडतं, म्हणून ऑटो मोड चालतो. नेमकं कुठे फसतं ते बघू.

ॲपर्चर प्रायॉरिटी, एफ/५.६, आयएसओ ४००. फोकस मॅन्युअल करा, कारण कोऱ्या कागदावर ऑटोफोकसला पकडायला काही मिळत नाही. खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदाने पूर्ण चौकट भरून फोटो घ्या. मग काळ्या कापडाने चौकट भरून दुसरा. दोन्ही शेजारी ठेवा: कागद मळका करडा, कापडही करडंच. कॅमेऱ्याने कागदाला 'फार उजेड आहे' समजून दाबलं आणि कापडाला 'फार अंधार आहे' समजून उचललं.

आता एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वापरा (अधिक-उणे खुणेचं बटण). कागदाला +१.५ ते +२, कापडाला −१ ते −२. दोन्ही खऱ्या रंगावर येतील. बर्फ, पांढरे कपडे, रेती, खिडकीसमोर उभा माणूस: अधिक. काळी पार्श्वभूमी, अंधाऱ्या मंचावर एकटा उजळलेला नट: उणे. काम झालं की आकडा शून्यावर आणा. तो तसाच विसरला तर दुसऱ्या दिवशीचे सगळे फोटो फटफटीत येतात आणि दोष लेन्सला मिळतो. आयएसओ पक्का ठेवलेल्या मॅन्युअल मोडमध्ये हे बटण सहसा एक्स्पोजर बदलत नाही, तिथे शटर किंवा ॲपर्चरच हलवायचं.

निकाल स्क्रीनच्या उजेडावर ठरवू नका. अंधारात तोच स्क्रीन झगझगीत वाटतो, उन्हात मेलेला. हिस्टोग्राम बघा: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उंच चढला असेल तर तिथले बारकावे जळाले. कपावरच्या एखाद्या चमकत्या ठिपक्यापुरतं असेल तर हरकत नाही. आकाशाचं किंवा चेहऱ्याचं असेल तर अर्धा-एक स्टॉप खाली या. आलेख डोंगरासारखा मधोमधच असावा असा नियम नाही. काळ्या कापडाचा आलेख डावीकडेच असायला हवा.

उन्हात मीटरशिवाय पडताळा घ्यायचा तर 'सनी १६' लक्षात ठेवा: स्वच्छ उन्हात एफ/१६ वर शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० ला सुमारे १/१००. कॅमेरा याच्या दोन-तीन स्टॉप इकडेतिकडे सांगत असेल तर कुठलं तरी सेटिंग चुकून राहिलंय.

रंग आणि लुकलुकणारे दिवे

रंगाचं तापमान केल्विनमध्ये मोजतात. पिवळा बल्ब २७०० ते ३२००, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, मोकळ्या आकाशाखालची सावली ७००० किंवा त्याहून वर. प्रयोगांपुरता व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारं सेटिंग) 'डेलाइट'वर पक्का ठेवा. ऑटोवर कॅमेरा दर फोटोला थोडा रंग बदलतो आणि मग शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

घरातल्या दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे दिसले किंवा सलग फोटोंचा उजळपणा खाली-वर झाला, तर दिवे लुकलुकताहेत. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे ते सेकंदाला १०० वेळा होतं, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०.

चौकट

एक तृतीयांशाचा नियम सगळीकडे लिहिलेला असतो, त्यावर इथे जागा घालवत नाही. त्याआधी दोन सवयी लावून घ्या. बटण दाबण्यापूर्वी चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवा; डोक्यातून उगवलेला खांब, अर्धा कापलेला हात, कोपऱ्यातला पांढरा तुकडा तिथेच सापडतात. आणि झूम फिरवण्याआधी पाय हलवा. नाक मोठं दिसणं, चेहरा चपटा दिसणं हे फोकल लेंग्थमुळे नव्हे, तर तुमच्या अंतरामुळे होतं. चेहऱ्याचा फोटो अर्ध्या मीटरवरून काढला की नाक पुढे येतं. दीड-दोन मीटरवर उभे राहा आणि मग झूम करा. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, तिथे २ एक्स वापरा.

शिकण्याचे पहिले तीन महिने झूम एकाच आकड्यावर ठेवणं फायद्याचं ठरतं. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम ५० मि.मी. लेन्सवर केलं. क्रॉप सेन्सरवर तशी नजर हवी असेल तर किट लेन्स ३५ वर ठेवा आणि विसरून जा.

वही, पण आकड्यांची नाही

शटर, ॲपर्चर, आयएसओ हे सगळं फाइलमध्ये आपोआप नोंदलं जातं. ते वहीत उतरवणं वाया जाणारा वेळ आहे. वहीत लिहा ते फाइलला माहीत नसतं: काय हवं होतं. 'कपाची कड चमकावी, मागची भिंत काळी.' संध्याकाळी फोटो समोर घेऊन त्याच ओळीखाली काय मिळालं आणि कुठल्या कारणाने फरक पडला ते लिहा. त्याच दिवशी फाइली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा, आणि दोन्हीकडून एकेक उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

महिन्याभराने परीक्षा घ्या. मित्राला तुमचे दहा फोटो निवडायला सांगा आणि माहिती झाकायला लावा. प्रत्येकाचं शटर, ॲपर्चर आणि प्रकाशाची दिशा तुम्ही नुसतं बघून सांगायची, मग फाइल उघडून ताडून घ्यायचं. एका स्टॉपची चूक चालेल. शटरमध्ये सतत दोन स्टॉप चुकत असाल तर चालत्या माणसावर १/३० ते १/१००० अशी मालिका पुन्हा काढा, ॲपर्चरमध्ये चुकत असाल तर छापील पान पुन्हा टेबलावर पसरा.